आधी आई दाखवा

प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं काढलेल्या सिस्टरांना फसवणं सोपं नव्हतं. कळा खऱ्या की नुसती घबराट, हे त्या जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखत. नोकरी सुटली तरी शेजारीपाजारी त्यांना सिस्टरच म्हणत. अशा बाई फसल्या, आणि त्याही मांजराच्या एका पिल्लावरून.

घरात दोघंच, सिस्टर आणि त्यांचे मोठे भाऊ. या दादांनी आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. दोघांचीही लाडकी मांजर सोळा वर्षांची होऊन म्हातारपणाने गेली, तेव्हा दादांचा उतरलेला चेहरा सिस्टरांना बघवेना. त्यांनी जाहिरात वाचून फोन लावला. एका दुकानामागच्या पार्किंगमध्ये कुणा माणसाने गाडीच्या खिडकीतूनच पर्शियन पिल्लू त्यांच्या हातात दिलं. सोबत शिक्का मारलेलं लसीचं कार्ड. आई पाहिली नाही, जागा पाहिली नाही, त्या माणसाचं तोंडसुद्धा धड पाहिलं नाही. पिल्लू दुसऱ्या आठवड्यात दादांच्या मांडीवरच गेलं. डॉक्टर म्हणाले, मांजरांचा पार्व्हो, पिल्लांचा जीव घेणारा संसर्ग. लस टोचलेलीच नसावी, कार्ड नुसतं शोभेचं.

दादांनी आरडाओरडा केला असता तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. ते फक्त "पुन्हा नाही" म्हणाले आणि गप्प झाले. गप्प म्हणजे इतके, की दोन महिने जेवताना "मीठ दे" यापलीकडे शब्द नाही. सिस्टर मात्र स्वतःलाच बोल लावत राहिल्या. बाळाच्या मनगटावरचा पट्टा आईच्या पट्ट्याशी जुळवल्याशिवाय ज्यांनी एकही मूल कुणाच्या हाती दिलं नाही, त्यांनी आई न बघता पिल्लू घरात आणलं होतं! भावाच्या मांडीवर एक धडधाकट पिल्लू बसवायचं आणि त्याला बोलतं करायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. या खेपेला मात्र सगळं वॉर्डाच्या शिस्तीने.

पहिली फेरी एका झकपक घरी झाली. भिंतीवर बिल्ले, चौकटीतली प्रमाणपत्रं, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात चार पिल्लं.

"आधी आई दाखवा," सिस्टर सोफ्याला न टेकता म्हणाल्या.

"ही काय, आमची महाराणी!" घरमालकाने एक गुबगुबीत पांढरी मांजर त्यांच्या हातात दिली. "दहा आठवड्यांची झाली पिल्लं, तरी अजून हिचंच दूध पितात, लबाड कुठली."

सिस्टरांनी तिला कुशीत घेतलं आणि पोटावरून सावकाश बोटं फिरवली.

"कुठून पितात?"

"म्हणजे?"

"पिल्लं ओढतात तिथली लव झडते. इथे तर कंगवा अडकेल एवढे केस आहेत. आणि बोटाला हा टाक्यांचा व्रण लागतोय. हिची पिशवी काढून वर्ष तरी झालं असेल. ही आई नव्हे हो, ही फार तर मावशी."

"तुम्ही काय मांजरांच्या डॉक्टर आहात का?"

"नाही. पण पोट ते पोटच."

घरमालकाला एकदम कुठेतरी जायचं आठवलं. निघता निघता सिस्टरांनी भिंतीवरचा नोंदणी क्रमांक टिपून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मांजरांच्या नोंदणी संस्थेला फोन केला. तो क्रमांक कुणाचाच नव्हता. मग त्यांनी तिथूनच खऱ्या नोंदलेल्या ब्रीडरांची यादी मागवली आणि एकेकाला गाठलं. आई बघायला मिळेल का? पर्शियनांना मूत्रपिंडांचा आजार आईबापांकडून येतो, ती तपासणी झाली आहे का? पिल्लू कितव्या आठवड्यात सोडता? नोंदणी असूनही एकाने फोन ठेवून दिला. दुसरा म्हणाला, "बाई, मांजर घ्यायचंय की जावई करून घ्यायचाय?" तिसऱ्याकडे वर्षभर पिल्लं होणार नव्हती. चौथ्या नंबरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमचे प्रश्न नंतर. आधी माझे."

सिस्टर नकळत खुर्चीत ताठ बसल्या. त्यांच्या तरुणपणीची मेट्रन अशीच बोलायची.

या बाई कपडे शिवायच्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकीत शिवणयंत्र, आणि चिंध्यांच्या ढिगाऱ्याजवळ राखाडी रंगाची मांजर तीन पिल्लांना घेऊन बसलेली. पिंजरा कुठेच नव्हता. सिस्टर वाकल्या तशी ती मांजर उठून पिल्लांच्या पुढे उभी राहिली. पोटावरची लव विरळ झाली होती. सिस्टरांना तिचा मुका घ्यावासा वाटला. न मागता कागद समोर आले: आईबापांची वंशावळ, दोघांच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचे अहवाल, लसीच्या बाटल्यांवरची लेबलं चिकटवलेली कार्डं. तेरा आठवडे होऊन दोन्ही लसी झाल्याशिवाय पिल्लू उंबरा ओलांडणार नव्हतं.

"तुमच्या घरी आधीचं मांजर कशाने गेलं?" बाईंनी काजं करता करता विचारलं.

"म्हातारपणाने" म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. शब्द ओठांवर आलाही. पण सिस्टरांनी तो गिळला आणि पार्व्होने गेलेल्या पिल्लाची हकीकत पहिल्यापासून सांगितली.

बाईंची सुई थांबली. "पार्व्हो? तो घरात वर्षभर ठाण मांडून बसतो. मग नाही जमायचं."

"ब्लीचच्या पाण्याने घर तीनदा धुतलंय. फरशी, कपाटांचे पाय, दारांच्या मुठी. प्रत्येक वेळी दहा मिनिटं ओलं ठेवून."

"आणि मांजराचं सामान?"

सिस्टरांचा आवाज खाली आला. "वेताची टोपली आहे. थोरली त्यात सोळा वर्षं झोपली, पिल्लूही त्यातच. भाऊ हात लावू देत नाही."

"वेत काही धुऊन निघत नाही. टोपली घराबाहेर जाऊ दे, आणि भावाला इथे येऊ दे. ज्याला नको आहे त्याच्या मांडीवर मी माझं पिल्लू टाकणार नाही."

घरी येऊन सिस्टरांनी दादांना सगळं सांगितलं, ओठांवर आलेल्या शब्दासकट. दादांनी टोपलीकडे नजर टाकली.

"त्या बाई तोंडावर नाही म्हणाल्या?"

"तोंडावर."

"बरं केलं त्यांनी." मग, "त्या गाडीवाल्याने काय विचारलं होतं गं तुला?"

"सुट्टे आहेत का, एवढंच."

दादा खुदकन हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा! सकाळी सिस्टरांनी खिडकीतून पाहिलं, तर दादा टोपली पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीपाशी उभे होते. कामगाराने हात पुढे केला, पण त्यांनी ती स्वतःच आत ठेवली आणि गाडी वळेपर्यंत तिथेच थांबले. सिस्टरांनी लगेच ती जागाही ब्लीचने पुसून काढली.

तेरावा आठवडा भरला त्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून शिवणकामाच्या खोलीत जमिनीवर बसले.

"एवढं सोसल्यावर पुन्हा कशाला हवंय पिल्लू?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात तिघांतलं सगळ्यात आगाऊ पिल्लू दादांच्या बाहीवरून चढून कोपरापर्यंत आलं. दादांनी अंगठ्याने त्याचा वरचा ओठ हळूच उचलला. "अगं, इकडे बघ! वरचे खालचे कसे अलगद बसलेत. चाळीस वर्षांत एवढी नेटकी कवळी माझ्या हातून नाही झाली!"

मग ते सुटलेच. दुधाचे दात किती, पडतात कधी, सुळे कुठे टेकतात, पाऊण तास. बाईंनी शिवण बाजूला ठेवली आणि कराराचा कागद पुढे सरकवला. नसबंदी करायची, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता परत इथेच आणायचं. सिस्टरांनी ओळ न् ओळ वाचली, एका ठिकाणी चुकलेली तारीख दाखवली, आणि मगच सही केली.

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक दुसरं नको गं बाई," बाई हसत म्हणाल्या, "आणि काहीच न विचारणारंही नको."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पिल्लाचं हृदय, कान, डोळे, वजन, सगळं बघितलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला: उत्तम. सिस्टरांनी तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

त्या संध्याकाळी सिस्टर पिल्लाला बघायला दादांच्या खोलीत गेल्या. पिल्लू दादांच्या मांडीवर उताणं झोपलं होतं आणि दादा त्याला कवळीचा साचा कसा घेतात ते समजावून सांगत होते. सिस्टरांनी हात पुढे केला तशी दादांनी बोट ओठांवर ठेवलं.

"भेटीची वेळ संपली, सिस्टर. उद्या या."

आणि खरोखरच दार लावून घेतलं. पस्तीस वर्षांत कुणाची त्यांना वॉर्डाबाहेर काढायची छाती झाली नव्हती. सिस्टर बंद दारापाशी पदर तोंडावर दाबून हसत उभ्या राहिल्या, आणि आत दादा बोलतच होते.