‘अहो’ म्हटलं आणि सगळेच वळले

लग्न होऊन मी हिर्डोशीच्या खोऱ्यात आले, त्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्यातच बजावलं होतं, "नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, एरवी न्हाई. घेतलंस तर त्याचं आयुष्य कमी हुतं." मी वेल्ह्याकडची. आमच्याकडंही तेच होतं, त्यामुळं मला काही नवल वाटलं नाही. तेव्हापासून ते घरात ‘अहो’ आणि परक्यापुढं ‘आमचे हे’. त्यात ते तलाठी, म्हणून सगळं खोरं त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. रिटायर होऊन भोरात घर केलं, तरी भाजीवालीसुद्धा भाऊसाहेबच म्हणते. आमची सून नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते, मी काही बोलत नाही. ज्याचं त्याचं. पण माझ्या तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं. इथंही लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवते.

हे सगळं निघालं ते थायलंडमुळं.

वडील रिटायर झाले म्हणून मुलानं आम्हा दोघांची थायलंडची ट्रिप काढली. मी म्हणलं, "अरे, तुळजापूरला पाठव, गाणगापूरला पाठव. तिकडं काय हाय?" तर म्हणाला, "आई, समुद्र आहे." समुद्र तर वरंधा घाट उतरलं की हरिहरेश्वरला आहे की! पण यांनी आधीच हाफ चड्डी आणली होती. चड्डी! ज्या माणसाला मी उभ्या जन्मात इस्त्रीच्या पँटीशिवाय बाजारात जाताना पाहिलं नाही, तो माणूस आरशापुढं चड्डी घालून पाठीमागून कसं दिसतं ते बघत होता. विमानतळाला जाताना कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा मी मिसळ खाल्ली. पुढं जे काही बघायला मिळालं, त्यानं नंतर घशाखाली घासच उतरेना.

पहिला धक्का देवांनी दिला. तिकडं प्रत्येक दुकानापुढं, हॉटेलापुढं खांबावर एक लहानसं देऊळ असतं, आपल्या तुळशी वृंदावनाएवढं. मी भक्तिभावानं हात जोडले आणि बघते तर काय, देवापुढं लाल सरबताची बाटली, आणि बाटलीत नळी! मी यांना म्हणलं, "अहो, देवाला नळी?" हे म्हणाले, "मग काय, देवानं बाटली तोंडाला लावायची?" यांना सगळ्याचं उत्तर तयार.

दुसरा धक्का ताटात. जेवण झाल्यावर गोड म्हणून भात आला. चिकट भात, वर नारळाचं दूध, शेजारी आंब्याच्या फोडी. आमच्या खोऱ्यात इंद्रायणी पिकतो; शिजायला लागला की शेजारच्या घरात वास जातो. त्या भाताला आम्ही वरण दिलं, ताक दिलं, फार तर गूळ घालून नारळीभात केला. पण भाताशेजारी आंबा? मला तर कसंसंच झालं. हे मात्र माझीही वाटी ओढून घेऊन म्हणाले, "लई भारी लागतंय गं." आग लागो त्या जिभेला, म्हणलं मी.

आणि बायका! किनाऱ्यावर माझ्याएवढी, पांढऱ्या केसांची एक गोरी बाई दोन चिंध्या लावून वाळूत उताणी पडली होती आणि शांतपणे पुस्तक वाचत होती. मला बघून छान हसलीसुद्धा. मी सुनेनं दिलेला पंजाबी ड्रेस घातला होता, त्याचीच मला लाज वाटत होती. त्या बाईच्या वाटचीही ओढणी मीच डोक्यावरून घेतली आणि यांना म्हणलं, "तिकडं बघू नका." म्हणाले, "कुठं?" एवढा साळसूद चेहरा केला की मला हसूच आलं.

आमच्या ग्रुपमध्ये सगळी आपलीच माणसं होती. सातारची, सांगलीची, पुण्याची. सगळी रिटायर झालेली जोडपी. सांभाळायला पुण्याची एक बाई होती, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. तिला कुणाचंच नाव पाठ नव्हतं. पुरुष सगळे काका, बायका सगळ्या काकू. सकाळी बसमध्ये चढताना ती ओरडायची, "काका, चला!" आणि सगळे म्हातारे एकदम उठायचे.

एक दिवस होडीनं एका बेटावर नेलं. पाणी असं निळं, की आम्ही कपड्यांना नीळ घालायचो तेव्हा बादलीत दिसायचं तसं. पोहायची जागा दोरी बांधून आखली होती, दोरीला केशरी रंगाचे फुगे. त्या बाईनं बजावलं, जाकीट घाला, दोरीच्या पलीकडं जाऊ नका, ओहोटीला पाणी ओढतं. सगळ्यांनी जाकिटं घातली. आमच्या ह्यांनी नाही. म्हणाले, "ओ ताई, पुरात म्हशीचं शेपूट धरून नीरा पार केलीय मी. मला जाकीट?" खरं होतं ते. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, तरी उन्हाळ्यात कडेला जाऊन पोहायचा त्यांचा नेम होता. धरणाचं पाणी ताटात वाढल्यासारखं गप असतं. समुद्राला धरण समजायची चूक आमच्याकडच्याच माणसानं करावी.

मी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखत होते. हातात शहाळं. खाली बघून नळी नीट केली आणि वर बघितलं, तर हे दिसेनात.

आधी वाटलं डुबकी मारली असेल. मग वाटलं, दुसऱ्या कुणाच्या मागं असतील. उभी राहिले आणि हाक मारली, "अहो!"

पाण्यातले सगळे नवरे वळले.

आता सांगताना हसू येतं. कमरेएवढ्या पाण्यात ओळीनं उभे, सातारा-सांगलीचे सगळे म्हातारे केशरी जाकिटात माझ्याकडं बघत होते, की आता हिनं काय मागवलं. मी म्हणलं, "तुमी न्हाई हो, आमचे!" आणि परत जोरात, "अहोऽऽ!" परत सगळे वळले. एकाची बायको मला म्हणाली, "काकू, काय हो, आमच्यांना कशाला बोलवताय?" मी पाण्याच्या कडेला धावले. माझ्या पायाखालची वाळू सरकायला लागली होती. दोरीच्या पलीकडं काळे खडक होते, त्यावर लाटा फुटत होत्या, आणि पाण्यात जाकिटाशिवायचं एकही डोकं दिसत नव्हतं.

टूरवाली बाई धावत आली. मागं किनाऱ्यावर पहारा करणारा तिथला माणूस, हातात भोंगा. एक होडी लगेच सोडली, पण ती उलट्या बाजूला, जिथं सगळ्या होड्या लागतात तिकडं गेली. बाईनं विचारलं, "काकू, काकांचं नाव काय?"

मी म्हणलं, "भाऊसाहेब."

"ते नाही, खरं नाव."

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव आत होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण आयुष्यभर ज्या दाराला कुलूप घातलं ते असं कसं उघडावं? आणि सासूबाई माझ्या कानात बोलत होत्या. आयुष्य कमी हुतं. आत्ताच, ह्या घडीला, त्यांचं आयुष्य केवढं उरलंय हेच मला ठाऊक नव्हतं, आणि त्यातलंच मी आणखी कमी करू? बाई चिडली, "अहो काकू, माणूस बुडतोय आणि तुम्ही लाजताय काय!" लाजत नव्हते गं बाई, भीत होते. तिला काय सांगू?

तिनं त्या माणसाचा भोंगा घेऊन ‘भाऊसाहेब, भाऊसाहेब’ करून बघितलं. काही नाही. नुसत्या लाटा.

मग मी तो भोंगा तिच्या हातातून ओढून घेतला. उखाण्यात चालतं, सासूबाईच म्हणाल्या होत्या. लग्नातला एकही उखाणा आठवेना. जे तोंडात आलं ते म्हणलं, समुद्राकडं तोंड करून, गळा फाटेपर्यंत:

"निळ्या निळ्या पाण्यात पांढरी पांढरी होडी,
———राव, बाहेर या, पुरे झाली खोडी!"

सातारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई!" त्या भोंगेवाल्या माणसाला वाटलं मी मंत्र म्हणतेय, त्यानं हात जोडले. ती चिंध्यावाली गोरी बाई त्या बेटावरही आली होती, ती पुस्तक मिटून उभी राहिली. सगळा किनारा माझ्याकडं बघत होता आणि समुद्र काही बोलत नव्हता.

तेव्हा माझं डोकं फिरलं. कसला उखाणा आणि कसलं राव! माणूसच नाही राहिला तर त्याचं आयुष्य काय लोणच्यात घालू? मी भोंगा टाकून दिला, पाण्यात कमरेपर्यंत शिरले आणि नुसतं नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही. शेतावरून पोराला हाक मारतात तसं, शेवटचं अक्षर लांबवून. एकदा. दोनदा.

"ओऽऽ!"

खडकाच्या मागून आला आवाज. बारीक, पण आला. मी परत हाक मारली, परत ओ आला. भोंगेवाल्यानं शिट्टी फुंकून होडी वळवली, मी हाका मारत राहिले आणि ते ओ देत राहिले, आणि होडी त्या आवाजाच्या मागं मागं गेली.

आणलं तेव्हा त्यांचे तळहात खडकावरच्या धारदार शिंपल्यांनी चिरले होते. पायात गोळा आला होता, ओहोटीनं ओढून नेलं होतं, आणि कसाबसा एक खडक हाती लागला तो धरून बसले होते. होडीवाला खुणेनं सांगत होता, हात सुटतच आले होते. मी त्यांना धरलं, ओल्या अंगानं, सगळ्यांच्या देखत, आणि पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घातला. मग रडले.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आलो. त्यांच्या हातांना पट्ट्या, म्हणून मी भात भरवत होते, तोच, आंब्याचा. एकदम म्हणाले, "तू मला नावानं हाक मारलीस."

"मग? बुडू द्यायचं व्हतं?" मी खेकसले. "आणि तुमी पहिल्यांदाच ओ का न्हाई दिलात? मी केवढ्यांदा अहो अहो केलं!"

"ते ऐकलं की. म्हणलं, कुणाची तरी बायको बोलावतीय. सकाळपासनं सगळ्या अहो अहोच करतायत."

"आणि भाऊसाहेब म्हणलं ते?"

त्यांनी हातांच्या पट्ट्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "भाऊसाहेबानं चड्डीवर खडकाला चिकटून ‘वाचवा’ कसं म्हणायचं गं? म्हणलं, जरा दम धरू, सुटू आपले आपण." कपाळावर हात मारून घेतला मी. जीव जायची वेळ आणि ह्या माणसाला तलाठीपणाची पडली होती!

"उखाणापण ऐकला," ते म्हणाले, "त्याचं तर मला हसूच आलं, नाकात पाणी गेलं. पण मग नुसतं नाव आलं. आई काठावर उभी राहून तशीच बोंबलायची, मी पुरात पोहायला गेलो की. तोंडातून ओ कधी गेला ते मला कळलंच न्हाई." त्यांचा घास तोंडातच होता. "आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाकच मारली न्हाई मला."

मी वाटीत बघत बसले. एवढी वर्षं ज्या माणसाचं जेवणखाण, औषधपाणी बघितलं, त्याचं असं काहीतरी राहून गेलंय हे मला माहीतच नव्हतं. मला बसला तो सगळ्यात मोठा धक्का. देवाची नळी त्याच्यापुढं काहीच नाही.

भोरात परत आलो. मी परत ‘अहो’वर आले, कारण धास्ती काही मनातून जाईना. ते खोकले तरी मी हातातलं काम टाकून ओसरीत धावायची. आणि एक नवीनच सुरू झालं. मी अहो म्हणावं आणि यांनी ऐकूच नये. ओसरीत बसलेले असायचे, मी आतून हाका मारून दमायची. मला वाटलं समुद्राचं पाणी कानात राहिलं. डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बत्ती लावून बघितलं आणि म्हणाले, "कान तर पोरासारखे आहेत." हे खाली मान घालून चपला शोधत होते.

घरी आले, चहा टाकला. सून-मुलगा पुण्यात, घरात दोघंच. देवघरापुढं उभी राहिले आणि म्हणलं, "देवा, सासूबाई खोटं बोलायच्या न्हाईत. कमी करायचं असंल तर माझ्यातलं कर." मग स्वयंपाकघराच्या दारातून, अगदी हळू, चहाच्या आधणापेक्षाही हळू, नाव घेतलं.

"ओऽऽ!" ओसरीतून ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण काय झालं म्हणून दारात आली.