अननसाच्या शेतात उतरले तो दिवस

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते आणि वर्षातून एकदा, रजा साठवून, कुठंतरी विमानातून उड्या मारायला जाते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं. नवरा लगेच हात हलवून सांगतो, "मी नाही हं. मी खाली असतो."

तो खरंच खाली असतो. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा हा माणूस उंचीला इतका घाबरतो, की गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायलासुद्धा शिडीवर मीच चढते. मैत्रिणींच्या नादानं मी हरियाणात पहिली उडी मारली, तीही स्वतःला प्रशिक्षकाशी बांधून घेऊन. घरी येऊन म्हणाले, "मला हे शिकायचंय. एकटीनं मारायचीय उडी." त्यानं हातातले पेपर बाजूला ठेवले. मग म्हणाला, "कुठं शिकवतात? मीपण येतो." तेव्हापासून आम्ही दोघं असे हिंडतो. त्यातलं शिक्षण झालं, लायसन्स आलं, एक जुनं पॅराशूट विकत घेतलं. मिळत होती तीन-चार, त्यातलं हे त्यानं निवडलं. लिंबाच्या लोणच्यासारखा पिवळा आणि वांग्यासारखा जांभळा, असे रंग शेजारी-शेजारी. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. तो म्हणाला, "असू दे. गर्दीत ओळखू येईल."

पॅराशूटची घडी घालायची सवय राहावी म्हणून मी ते आमच्या हर्सूलच्या घरी हॉलमध्ये पसरते. पहिल्यांदा पसरलं तेव्हा सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"एवढं सगळं कापड या पिशवीत मावतं व्हय गं?"

"मावतं ना, आई."

"मग माझ्या दोन साड्या तुझ्या बॅगेत का नाय मावत?"



नव्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारून उतरायच्या मैदानावर, पहिला तासभर फार परकं वाटतं. ऑफिसात लायसन्स बघतात, पॅराशूट तपासतात, मग कुणीतरी आपल्याला भिंतीवरच्या मोठ्या फोटोसमोर उभं करून सांगतं: इथं उतरायचं, इकडं विजेच्या तारा आहेत, इकडं जायचं नाही. त्यानंतर आपण मोकळे. बाकीचे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत असतात, कोण कुणाबरोबर उडी मारणार ते ठरवत असतात आणि आपण बाकावर बसून बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधतो. माझ्या बाबतीत ही अडचण नवरा सोडवतो. तो सावलीत खुर्ची टाकतो, डबा उघडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी देतो. थोड्या वेळानं कुणीतरी माझ्याकडं येऊन विचारतं, "त्या चटणीवाल्यांची बायको तूच का? चल आमच्याबरोबर."

थायलंडमध्येही असंच झालं. सकाळी दोन उड्या छान झाल्या. तिसऱ्या वेळी विमानात मी सगळ्यांत शेवटी होते. पुढच्या लोकांनी दारात जरा वेळ घेतला, तोवर विमान पुढं सरकलं आणि वर वारा सकाळपेक्षा वाढला होता. पॅराशूट उघडलं, मी मान वर करून ते नीट आहे ना बघितलं, मग खाली पाहिलं. धावपट्टी लांब, फारच लांब राहिली होती. थोडा वेळ तिकडं वळून बघितलं, पण वारा समोरून होता; पुढं सरकतच नव्हते. शिकवताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवलेली असते: पोचणार नसशील तर हट्ट करू नकोस, उंची आहे तोवर दुसरी जागा शोध. मी शोधू लागले. खाली सगळीकडं अननस. हिरव्या-करड्या काटेरी रांगा आणि मधून एक लाल मातीचा रस्ता. कुठंतरी पालापाचोळा जळत होता, त्याच्या धुरावरून वाऱ्याची दिशा कळली. हात आपलं काम करत होते. रस्त्यावर उतरले, चार पावलं पळाले आणि बसकण मारली. पॅराशूट मात्र अननसांवर जाऊन पडलं.

शेतात काम करणारी एक बाई धावत आली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिनं माझे गुडघे, कोपरं दाबून बघितली, मग माझ्या बरोबरीनं एकेक काटा सोडवत कापड गोळा करू लागली. ते झाल्यावर तिनं मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं आणि तिथल्या तिथं एक अननस सोलून पुढं केला. इतका गोड अननस मी आयुष्यात खाल्लेला नाही. दोन्ही हातांवरून रस गळत होता आणि मी हसत होते.

तेवढ्यात धुरळा उडवत पिकअप आली. ड्रॉपझोनचा माणूस चालवत होता. गाडी थांबायच्या आधीच नवरा उतरला. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

"लागलं का कुठं?"

"नाही हो."

"उभी राहा बघू. चालून दाखव."

मी चालून दाखवलं. तो खाली मातीत बसला. त्या बाईनं त्याच्याही हातात अननसाची फोड ठेवली आणि त्यानं ती निमूटपणे खाल्ली.

परतताना आम्ही पिकअपच्या मागं बसलो होतो. मी विचारलं, "तुम्ही वर बघतच असता. वाऱ्यानं मी लांब गेले ते विमानातून निघाल्यावरच कळलं असेल ना?"

"नाही," तो म्हणाला. "पॅराशूट उघडेपर्यंत मी बघतच नाही. डोळे मिटून बसतो. लोक ओरडायला लागले की उघडतो आणि तुझे ते रंग शोधतो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आज रंग दिसले, ते झाडांच्या मागं जाताना."

मला आधी हसू आलं, मग एकदम भरून आलं. मी त्याचा हात धरला. दोघांचेही हात चिकट झाले होते. म्हटलं, "आज आता बस करू या."

त्यानं थोडा विचार केला. "वारा उतरला तर संध्याकाळी अजून एक विमान जाईल म्हणत होते. तू जा. मी आज बघतो."

संध्याकाळी वारा खरंच उतरला. मी गेले आणि धावपट्टीशेजारच्या गवतात, जिथं उतरायचं तिथंच उतरले. तो खुर्ची सोडून पार बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत आला होता, मान आखडली म्हणून मागून चोळत होता.

"दिसले का?"

"दिसलीस. तिळाएवढी. मग एकदम मोठी व्हायला लागलीस, तेव्हा ही दोरी घट्ट धरली." मग म्हणाला, "पण बघितलं."

आम्ही गवतात बसून पॅराशूटची घडी घातली. त्यानं दोऱ्या धरून ठेवल्या, मी कापड दाबत हवा काढली. कापडाला अननसाच्या पानाचा एक तुकडा अजून अडकला होता, तो त्यानं काढून फेकला. मग भाड्याची स्कूटर काढून आम्ही गावात जेवायला गेलो. मी चालवत होते. वाटेत त्यानं मागून दोनदा सांगितलं, "हळू चालव."