चाळीस बाटल्यांचं मेण उतरवायला फुलसावंगीला

१४ नोव्हेंबर, वणी

पाच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. वेळ मिळाला नाही असं सांगणार होते, पण ते खरं नाही. जूनमधल्या लेखाचं तुम्ही इतकं कौतुक केलंत, की पुढचा लेख त्याहून फिका पडेल अशी भीती वाटत होती. आता लिहायला बसले आहे ते त्याच लेखामुळे.

घरी केलेल्या सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, बाटल्यांना बूच लावून, त्यांची मान वितळलेल्या मेणात कशी बुडवायची, हे मी त्यात सांगितलं होतं. फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरच्या कमलताईंनी तो वाचला. त्या तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. गटाने जंगलातल्या मधाचा सिरका घातला होता, आणि पोळ्यांचं मेण उरलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"ताई, सिरका आंबट लागते ना?"

"हो. का?"

"मंग हे काय होय? गोड-तुरट लागून राह्यलं. अन् आमच्या सासऱ्यानं गॅससाठी अर्धा गिलास घेतला, त दोन घंट्यापासून गाने म्हणून राह्यले."

मी जूनचा लेख उघडून पाहिला. मधाच्या पाण्याची आधी वाईन होते. बुडबुडे थांबले, की ती झाली. मग तिच्यात सिरक्याचं विरजण घालून, तोंडाला नुसतं कापड बांधून महिना-दोन महिने ठेवली, की हवेने ती आंबते आणि सिरका होतो. मी लिहिलं होतं, 'बुडबुडे थांबले की मेण लावा.' कापडाचा टप्पा मी विसरले नव्हते. लेख लांबतोय म्हणून काढून टाकला होता. मेण हवा आत जाऊ देत नाही, त्यामुळे वाईनची वाईनच राहिली.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे हसण्यावारी गेलं असतं. पण या गटातल्या बायकांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं आहे. दारूबंदीच्या मतदानात, उन्हात रांगा लावून 'आडव्या बाटली'समोर शिक्के मारून. आता त्यांच्याच माळ्यावर विनापरवाना वाईनच्या चाळीस बाटल्या, आणि रविवारी महागावच्या प्रदर्शनात त्या मांडायच्या होत्या. फोनवर उपाय सांगता आला असता. मी माझ्या सिरक्याची बरणी पिशवीत घातली आणि निघाले.

तिकडे जाणाऱ्यांसाठी: वणीहून थेट गाडी मला मिळाली नाही. पहाटेच्या एसटीने यवतमाळ, तिथून आर्णीमार्गे महागाव. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सगळं अडीचशेच्या आत झालं. वणीतून बाहेर पडेपर्यंत कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खावी लागते, खिडकी लावून घ्या. यवतमाळच्या पुढे रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत आहे की झोप लागते. आर्णीला तर्री-पोहे खाल्ले; तर्री कमी सांगितली तरी जास्तच येते. महागावला सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांमुळे अर्धा तास अडकलो. पुढे काळी-पिवळी जीप. ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला लवकर वाटत नाही.

कमलताई रस्त्यावर उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, उंच. त्यांनी पाणी दिलं, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, आणि जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. तो त्यांच्या नवऱ्याने, देविदासभाऊंनी काढला.

"मॅडम, मले सात वर्षं कोरडं ठेवलं हिनं. अन् मी झोपतो त्याच्या बरोबर वरतं चाळीस बाटल्या!"

"तुमी हात नाही लावला ना?" कमलताई.

"मले काय मालूम होतं? मालूम असतं त झोपलो असतो का?"

मग बाटल्या खाली आल्या. माझ्या मेणाला नेहमी ओघळ येतात. यांनी तीन-तीनदा बुडवून माना काचेसारख्या गुळगुळीत केल्या होत्या, आणि मेण ऊन असतानाच प्रत्येकीने आपल्या भरतकामातला एकेक आरसा त्यात दाबून बसवला होता. हे सगळं फोडायचं होतं.

मी हळूच सुचवलं, "सिरका अजून पिकला नाही, एवढंच सांगितलं तर? ते खोटं नाही."

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. "दुकानवाला बी असंच अर्धं-अर्धं सांगे, ताई."

दुपारी गटाच्या पंधरा बायका अंगणात जमल्या. कमलताईंनी सरळ सांगितलं: ही दारू होय, आपल्या हातानं झाली. मी उठून म्हटलं, चूक माझ्या लेखाची आहे. काहीजणी हसल्या. सुमनबाई मात्र हसल्या नाहीत. "मंग आमी वाचलं हेच चुकलं का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

काम सोपं होतं. बाटलीची मान कढत पाण्यात धरायची, मेण मऊ झालं की टोपीसारखं निघतं. आरसे ताटलीत, मेण परत पातेल्यात. वाईन रुंद तोंडाच्या माठांमध्ये ओतली, प्रत्येकात माझ्या बरणीतलं विरजण घातलं, वर धुतलेलं सुती कापड बांधलं. वास इतका गोड पसरला होता की देविदासभाऊ तीनदा विस्तव मागायला येऊन गेले.

एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी शेजारच्या म्हाताऱ्या याडीकडे होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि हिला सगळेच.

"नाही देत," ती म्हणाली. "रोज दोन चमचे घेतो. गुडघे दुखत नाही, झोप मस्त लागते."

"याडी, दारू होय ते."

"दारू कशी? दारूबंदीले मी बी शिक्का मारलता!"

कमलताई तिच्याजवळ खाली बसल्या. "म्हणूनच मागून राह्यलो."

म्हातारीने आत जाऊन बाटली आणली, आमच्यासमोर दोन चमचे घेतले, बूच नीट लावलं आणि बाटली कमलताईंच्या हातात ठेवली.

प्रदर्शनातलं टेबल गटाने रद्द केलं. कारण म्हणून कमलताईंनी कागदावर घडलं तसंच लिहिलं. मी वाक्य थोडं सौम्य करायला गेले, तर त्यांनी कागद ओढून घेतला.

काल रात्री घरी पोहोचले. बोटांना अजून मधाचा वास आहे, आणि तो आवडतोय याचीही थोडी लाज वाटते. माठांमधला सिरका जमेल, नाही जमला तर ओतून टाकू, असं त्यांचं ठरलंय. मला सुमनबाईंचा प्रश्न सोडत नाही. लेखातली ओळ मी आज सकाळी दुरुस्त केली, पण ज्यांनी ती आधीच वाचली त्यांचं काय? लेखाखालच्या प्रतिक्रियांमध्ये अकरा जणांनी लिहिलंय, 'नक्की करून बघणार.' मी तेव्हा प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला होता.

उद्या: त्या अकरा जणांना, एकेकाला, पत्र लिहायचं.