कुसकुसमधली आठवी भाजी

मेकनेसच्या जुन्या गावात प्लंबर जिलालीला शोधायचं तर घरांचे उंबरे बघत जायचं. टाच चेपलेला बूट दिसला की समजावं, आत हा बाबा मोरीत पालथा पडलेला आहे. बावीस वर्षांत त्याने एकाही बुटाला टाच ठेवली नव्हती. कोरा करकरीत जोड आणला की पहिल्याच दिवशी मागची बाजू पायाखाली घालून सपाट करायची. त्याला नावं तरी किती ठेवणार? दिवसाला आठ-दहा घरं, आणि प्रत्येक घरी उंबऱ्यावर पायातलं काढूनच आत जायचं. दर वेळी वाकून टाच ओढत बसायला सवड कुणाला आहे?

"मी बूट शिवतो आणि तू त्याच्या सपाता करतोस," जोडे शिवणारा म्हातारा बा अल्लाल वैतागायचा. "माझ्यावर कसला डूख धरलायस रे?"

"बा, तुमचं काम इतकं पक्कं की टाचेवाचूनही वर्ष काढतं," जिलाली म्हणायचा. म्हातारा स्तुतीने फुगायचा, मग चेपलेल्या टाचेकडे नजर जाऊन पुन्हा चिडायचा.

हे असंच चाललं असतं. पण एका शुक्रवारी जिलाली हज्जा तामूच्या गच्चीवर टाकी दुरुस्त करायला चढला. हज्जा म्हणजे गल्लीतली विधवा म्हातारी, तीन मजल्यांच्या घराची मालकीण आणि त्याहून मोठ्या जिभेची. जिलालीने आयुष्यातला पहिला नळ बसवला तो तिच्या स्वयंपाकघरात. तो अजूनही गळतो आणि ती तो बदलू देत नाही. "हा जिलालीचा पहिला," असं पाहुण्यांना दाखवते. ती 'पोरगा बरा आहे' म्हणाली म्हणून तर सगळ्या गल्लीने त्याला आत घेतलं.

गच्चीवर त्याने उंबऱ्यावर काढून हातात आणलेले बूट पायात सरकवले आणि शिडी चढला. खाली उघड्या चौकात फास शहराहून आलेले व्याही हज्जाची नात बघायला बसले होते, समोर कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांची, मोठी परात, वर सात भाज्या रचलेल्या. चौथ्या पायरीवर जिलालीचा उजवा बूट सुटला. तीन मजले उतरला आणि थेट भोपळ्यावर येऊन बसला.

फासच्या व्याह्यांनी मिशीवरचे कण पुसले आणि शांतपणे विचारलं, "मेकनेसला आठवी भाजी घालतात वाटतं?"

लग्न ठरलं, कारण व्याह्यांना ही गोष्ट फासभर सांगायची होती. पण हज्जाने जिलालीला उंबऱ्याबाहेर उभं केलं. "शिडीवर पायातून सुटणार नाही आणि दारात अडकून बसणार नाही, असा बूट मिळाला की ये. तोवर पलीकडच्या गल्लीतल्या इद्रीसला बोलावते."

इद्रीस! जिलालीला जेवण गेलं नाही. दुसरं कुठलंही घर गेलं असतं तर त्याने खांदे उडवले असते. पण त्या घरात इद्रीस पाना फिरवणार, कदाचित तो गळका नळही बदलणार, या विचाराने त्याला बसवेना.

तो तडक नव्या शहरात गेला आणि घोट्याच्या वर येणारे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घेऊन आला. दोन्ही बाजूंना आठ-आठ भोकं आणि हातभर नाडी. सुटायचा प्रश्नच नव्हता. निघायचा मात्र होता. तो दारात नाडी सोडत बसला की घराघरांत बायका त्याच्याभोवती जमू लागल्या. "उस्ताद, तुम्ही आलात का निघालात?" एक विचारायची. दुसरी त्याच्या मोज्यातून डोकावणाऱ्या अंगठ्याची विचारपूस करायची.

बाराव्या दिवशी हज्जाकडची भिंतीतली नळी फुटली. इद्रीस लग्नाला गावी गेलेला. मुख्य कॉक इतका घट्ट बसलेला की तो फक्त जिलालीच्याच हाताला दाद द्यायचा. निरोप मिळताच तो धावत आला, उंबऱ्यावर बसला आणि नाडीची गाठ ओढली. आधीच्या घरच्या कामात गाठ भिजली होती. ती आणखी आवळली.

"बुटासकट ये रे!" आतून हज्जा ओरडली.

"तुमच्या गालिच्यावर बूट? माझ्याने नाही व्हायचं, हज्जा!"

"गालिचा पोहतोय, मूर्खा!"

तेवढ्यात उंबऱ्यावरून पाणी आलं आणि त्याच्याबरोबर घरातल्यांच्या सपाता एकामागोमाग एक बाहेर निघाल्या. एक जिलालीच्या मांडीवरून गेली. शेवटी हज्जा स्वतः गुडघाभर कपडे वर धरून आली, हातातल्या भाजीच्या सुरीने दोन्ही नाड्या कापल्या आणि त्याला दंडाला धरून आत ओढलं. अनवाणी जिलालीने कॉक बंद केला.

मग दोघं ओल्या पायरीवर धापा टाकत बसली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशी व्याह्यांसमोर तुमची मान खाली गेली."

"व्याही गेले खड्ड्यात!" हज्जा उसळली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "बूट खाली आला तेव्हा मला वाटलं, पाठोपाठ तूही येतोयस. मी वर बघितलंच नाही. डोळे मिटून घेतले. त्यानंतर किती रात्री झोपले नाही मी, माहितीय?"

जिलालीला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

पुढच्या शुक्रवारी तिने त्याला बोलावलं. दाराच्या आत घरातल्यांच्या सपातांची ओळ होती. त्या ओळीच्या टोकाला, जिथे तिच्या नवऱ्याचे जोडे असायचे, तिथे एक नवी जोडी होती. जाड टायरचा तळ, नाडी नाही, दोन्ही बाजूंना ताणणारी इलास्टिकची पट्टी. शिलाई बा अल्लालची, लांबूनच ओळखू येत होती.

"ही जोडी या घरातच राहायची," हज्जाने स्वयंपाकघरातून बजावलं. "रस्ता बघायचा नाही तिने. गालिच्यावर घाल, शिडीवर घाल, विचारायचं नाही."

जिलालीने घाईघाईने बुटात पाय घातला आणि सवयीने टाच खाली दाबली.

"या अल्लाह! मेलो!"

"टाचेत पितळेची पट्टी घातलीय," स्वयंपाकघरातून हसू आलं. "अल्लालने पदरची घातली. म्हणाला, बावीस वर्षं वाट बघतोय. चल, कुसकुस वाढलंय. बूट काढ आणि ये."

जोडी एका झटक्यात निघाली. ती ओळीत नीट लावून ठेवायला मात्र त्याने बराच वेळ घेतला.