वैद्यनाथरावांचा जपानी पाहुणचार

जपानहून ठरल्यापेक्षा लवकर परतलेल्या वैद्यनाथरावांना तंजावरात आता कोणी "काय काय पाहिलंत?" असं विचारत नाही. विचारलं की ते सगळं सांगतात, आणि सांगताना असे संतापतात की शेजारून माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावते. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली त्यांच्याआधी माझंच डोकं तापतं.

माणूस साधा. तिरुवैयारूच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, बायको गेल्यावर स्वतः रांधून खाल्लं. आमच्या मराठी घरांतल्या पोरांनी कधीच सोडून दिलेलं ते अजून पाळतात. जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती म्हणून भाताची शितं बाजूला काढायची, आणि मासमच्छी ओठाला लागू द्यायची नाही. मुलगा मुरली तोक्योत नोकरी करतो, एकटाच राहतो. त्याने वडिलांना बोलावून घेतलं, रोज स्वतः स्वयंपाक करून वाढलं, आणि मग डोंगरातल्या एका र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी अतिथिगृहात, मुक्कामाला नेलं.

तिथे नियमच नियम. चपला दाराशी. संडासातल्या सपाता वेगळ्या. गरम पाण्याच्या हौदात उतरण्याआधी बाहेर अंग घासून धुवायचं. अंगरख्याची डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर असते ती मेलेल्या माणसाची. मुरली पावलोपावली कानाशी लागायचा, "अप्पा, हिकडे नको. अप्पा, असं नको." वैद्यनाथरावांनी एकही नियम मोडला नाही. उलट खूष झाले. जमिनीवर बसायचं, चपला घालून घरात फिरायचं नाही, यात तंजावरच्या माणसाला नवीन ते काय?

संध्याकाळचं जेवण खोलीतच आलं. मालकीणबाई गुडघ्यांवर बसून एकेक वाटी मांडत होत्या. वैद्यनाथरावांनी तबकाभोवती पाणी फिरवलं, शितं ठेवली, डोळे मिटले. मुरली लाजेने अर्धा झाला आणि त्याने घाईघाईने रुमालाने ते पाणी शितांसकट पुसून टाकलं. बापाच्या चित्राहुतीवर पोराने रुमाल फिरवावा! माझा जीव इथेच जळतो.

मग त्यांनी सूपची वाटी उचलली, तोच मालकीणबाईंनी तिच्यावर तळहात ठेवला आणि मुरलीकडे बघून काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" वैद्यनाथरावांनी विचारलं.

"कांही नाही, अप्पा. गरम आहे म्हणतात."

बाईंचा हात हलेना. दुसऱ्या हाताने त्यांनी कमरपट्ट्यातून मोबाइल काढला, त्यात बोलल्या, आणि मोबाइलने स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, "यात सुक्या माशाचा अर्क आहे. खोली ठरवतानाच आम्ही आपल्या मुलाला कळवलं होतं. ते चालेल म्हणाले. पण आपण देवाला वाढताना मी पाहिलं."

एवढं झाल्यावर बाईंनी कपाळ जमिनीला टेकवून क्षमा मागितली. कोणी? जिने खरं सांगितलं तिने! आणि ज्याने मागायला हवी होती तो मांडी घालून बसलेला.

"तुला ठावूक होतं?"

"अप्पा, हिकडे त्याच्याशिवाय कांहीच होत नाही. मासा दिसत पण नाही. तुमाला कळालंच नसतं."

यावर माणसाने काय बोलावं? त्यांच्या सपातांचा मान राखायचा, त्यांच्या मेलेल्यांचा मान राखायचा, आणि जिवंत बापाचा एकच नियम, तो मात्र कळणार नाही म्हणून खुशाल बुडवायचा!

वैद्यनाथराव तिथे ओरडले नाहीत. ओरडतात ते आता. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "घरीं तूं मला रोज सूप वाढत होतास. ते कशाचं होतं रे?"

मुरली तो ओला रुमाल पुन्हा पुन्हा घडी घालू लागला.

"सांग."

"तुमी दोन-दोनदा मागून घेत होतां, अप्पा," मुरली म्हणाला. "अम्मा गेल्यापासून तुमाला एवढं जेवताना मी पाहिलंच नव्हतं."