वर्षाताईची पट्टी

जे सांगून राहिलो ते माझ्या पोरांनाही ठाऊक नाही. बायकोला ठाऊक आहे — पण ती बोलत नाही.

आधी माझ्याबद्दल ऐका, भाऊ. शिक्षण चौथीपर्यंत, तेही ओढूनताणून. पण सक्करदऱ्यात कोणालाही विचारा, वस्ताद कोण? आखाड्यात चाळीस वर्षं पोरं घडवली. निखळलेला खांदा बसवला, मोच काढली, लचकलेली कंबर सरळ केली — या दोन हातांनी. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

आणि हुडकेश्वर रोडवर आज ते केंद्र आहे ना — कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या बायांसाठी — तेही माझ्या हट्टाने चालू आहे. मध्ये बंद पडलं होतं. उमरेड, कुही, भिवापूरच्या बाया एसटीने यायच्या, कुलूप बघून परत जायच्या. मोठ्या दवाखान्यात नंबर लागायला महिने. मी त्या बाया गोळा केल्या, केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या दारात सतरंजी टाकली, आठवडाभर बसलो. साहेब म्हणाले, घरी जा वस्ताद. म्हटलं, "चीत झाल्याबिगर पहेलवान आखाडा सोडत नसते, साहेब." केंद्र उघडलं. आता उमरेडलाही एक खोली सुरू झाली. शाल मिळाली, नारळ मिळाला. छाती फुगली — काहून फुगू नये?

पण ते बंद कशानं पडलं होतं? तिथं आलं की माझी जीभ अडते.

शांताचं — माझ्या बायकोचं — छातीचं ऑपरेशन झालं. बगलेतल्या गाठी काढल्या. त्या काढल्या की हातातल्या पाण्याला वर जायला वाट राहत नाही, हात भरत जातो. तिचा उजवा हात असा भरला की उचलायला डावा लागायचा. केंद्रात तेव्हा वर्षाताई होती, एकटीच, बारीकशी पोरगी. ती शांताच्या हातावरून बोटं नुसती टेकवत न्यायची, मग बोटांपासून खांद्यापर्यंत पट्टीचे थर बांधायची. हात उतरतही होता. मी बाजूला बसून बघायचो — आणि आतून जळायचो. एक दिवस बोललोच.

"ताई, हे मालीश हाय, का म्हशीवरची माशी हाकलून राहिली तू?"

ती हसली. "काका, हे पहेलवानाचं अंग नाही न. जोर लावाल तर हात बिघडेल. पट्टी सोडू नका, तेल लावू नका."

मला! मालीश ही मला शिकवणार?

घरी आल्या आल्या मी पट्टी सोडली. शांता म्हणाली, "राहू द्या ना जी." मी ऐकलं का? जवसाचं तेल गरम केलं आणि तीन दिवस तो हात रगडला. कातडी लाल झाली — म्हटलं, रक्त चालू झालं. ती दात आवळून बसली — म्हटलं, दुखणं बाहेर पडून राहिलं. चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. हात विस्तवासारखा.

दवाखान्यात तर न्यायलाच पाहिजे. पण तो तेलकट, रगडलेला हात दाखवायचा कसा? मी तो साबणाने धुतला. आणि — पट्टी परत बांधली. मोच आलेल्या पायाला बांधतो तशी. ओढून, गच्च. ती कळवळली. मी बांधतच गेलो.

आता समजलं ना?

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने पट्टी सोडली तर कातडीत वळ रुतलेले, एका जागी चिरलेलं. कोणी बांधली ही, त्याने विचारलं. मी केंद्राचं नाव घेतलं. मग वर्षाताईचं. शांता तापात होती, पण शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं — आणि डोळे मिटले. माझी लाज तिने राखली. मी कोणाची राखली?

संस्थेने माझ्याकडून तक्रार लेखी मागितली. मला सही करायला वेळ लागतो, पण त्या दिवशी झटक्यात केली. वर्षाताईला काढलं. कुठं गेली, ठाऊक नाही. केंद्राला कुलूप लागलं. शांता एकदाच बोलली, "त्या पोरीचं नाव काहून घेतलं जी?" म्हटलं, "चूप बस." ती बसली. आजवर.

तुम्हाला वाटेल, म्हणूनच वस्ताद सतरंजीवर बसला, पापाची फेड केली. नाही, भाऊ. शांताचा हात पुन्हा भरला आणि उतरवणारं कोणी उरलं नव्हतं — म्हणून बसलो. केंद्र उघडल्यावर नवी ताई आली, तिच्याकडून तो हलका हात शिकलो. सत्तरीच्या वस्तादाने, पोरीकडून! आता बायांच्या नवऱ्यांना मीच शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. माझ्या बोटांखाली सूज उतरते, हे ताई स्वतः म्हणते. तो अभिमान मी सोडणार नाही.

पण नव्या मुली पट्टी शिकायला येतात, तेव्हा ताई पहिला धडा कोणता देते? "इथं एकीने पट्टी जास्त घट्ट बांधली आणि बाई मरता मरता वाचली." मुली घाबरतात. ढिली बांधतात. ढिल्या पट्टीने सूज उतरत नाही. कुहीची एक बाई चार महिन्यांपासून येऊन राहिली, हात होता तेवढाच आहे. तिला वाटते, आपल्याच नशिबात खोट. खोट तिच्या नशिबात नाही. वर्षाताई बांधायची तेवढी घट्टच बांधावी लागते. तिची पट्टी बरोबर होती.

मागच्या मंगळवारी नव्या मुली आल्या. ताईने तोच धडा दिला आणि माझ्याकडे बोट केलं — यांच्याच घरची गोष्ट, विचारा. शांता बाजूच्या खाटेवर, हात उशीवर ठेवून बसली होती.

एका मुलीने विचारलं, "आजोबा, खरंच का?"

मी शांताकडे पाहिलं नाही.

"हो बाई," म्हटलं. "खरं हाय."