जावयाने आणलेले मासे

बाबा रिटायर झाले आणि महिन्याभरात कळव्याच्या आमच्या हॉलमध्ये काचेची टाकी आली. तिच्यात दोन गोल्डफिश. गुबगुबीत, दुहेरी शेपटीचे, पोहतानासुद्धा दमल्यासारखे दिसणारे. बाबा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायचे आणि आईला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचे. सगळं छान चाललेलं. मग एका रविवारी डोंबिवलीहून ताई आणि भावोजी आले.

भावोजी एका कंपनीत लोकांना ट्रेनिंग देतात. कशाचं, ते ताईच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला नीट कळलेलं नाही. पण समोर चार माणसं बसलेली दिसली की ते उभं राहून बोलायला लागतात. टाकीसमोरही तसेच उभे राहिले.

"बाबा, दोनच मासे? आणि दोन्ही सेम? जरा व्हरायटी पाहिजे."

"गोल्डफिशबरोबर दुसरे मासे फारसे चालत नाहीत, असं वाचलंय मी," बाबा म्हणाले.

"तसं काही नसतं. सवयीचा प्रश्न असतो."

बाबा पुढे काही बोलणार होते, पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाचलेलं सगळं तिथेच सोडून दिलं. आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. कोकणातल्या आमच्या आजोबांनी म्हणे दारचं धरतं आंब्याचं झाड तोडलेलं, कारण जावयाला अंगणात सावली जास्त वाटली. आई ही गोष्ट अभिमानाने सांगते.

पुढच्या वेळी भावोजी मिठाईऐवजी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत सकर फिश. "काच चाटून साफ ठेवतो. मेंटेनन्स झीरो." तो काळा, खरबरीत मासा दिवसभर कोपऱ्यात दडून बसायचा. काच आम्हीच पुसत राहिलो. अंधार पडला की तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटायचा. एकाच्या कुशीवरचे खवले गेले. बाबांनी ते भावोजींना दाखवलं.

"बघा, त्यालाही क्लीन करतोय," भावोजी म्हणाले.

मग गप्पी आले, रंगीबेरंगी, नखाएवढे. आठवडा संपायच्या आत त्यातला एकही उरला नाही आणि गोल्डफिश आणखी गोल दिसायला लागले. भावोजींनी काचेवर टकटक केलं. "लपलेत. गप्पी लाजाळू असतात." त्यांना लपता यावं म्हणून त्यांनी पुढच्या वेळी प्लास्टिकचा किल्लाही आणला.

किल्ल्यापाठोपाठ टायगर बार्ब आले. काळे पट्टे, भारी चपळ. ह्यांच्यामुळे टाकीत एनर्जी येईल, असं भावोजींचं म्हणणं. ती आली. सगळे मिळून गोल्डफिशच्या शेपटीमागे लागले. त्या बिचाऱ्यांना पळता येत नाही, लपता येत नाही. बघता बघता त्या झालरीसारख्या शेपट्यांच्या फण्या झाल्या.

"परत देऊन येतो हे," बाबा म्हणाले.

"जावयाने आणलेलं परत करणार? उद्या पोरीला तिकडे ऐकून घ्यावं लागेल," आई म्हणाली.

बाबा चपला घालून गेले आणि दुसरी टाकी घेऊन आले. ती बेडरूममध्ये, आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली आणि गोल्डफिश तिकडे हलवले. आईने मशीन सोडलं, पण एका अटीवर. जावई येतील तेव्हा गोल्डफिश हॉलमध्ये दिसले पाहिजेत. त्यामुळे 'निघालोय' असा ताईचा मेसेज आला की आमची धावपळ सुरू. मी बँकेत लोकांची लोनं नाकारणारी बाई, रविवारी सकाळी जाळी हातात धरून मासे ह्या खोलीतून त्या खोलीत नेत होते.

एका रविवारी बाबा बेडरूमच्या दारात उभे राहिले. "आज मासे हलणार नाहीत."

आई समजूत घालत होती तोवर बेल वाजली. भावोजी थेट टाकीपाशी गेले. "गोल्डफिश कुठेत?"

"गेले हो ते," आई म्हणाली. "दोघंही."

भावोजींनी मान हलवली. "वाईट वाटून घेऊ नका, बाबा. गोल्डफिश अॅडजस्टच होत नाहीत. मी पहिल्या दिवशीच ओळखलेलं."

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. रागाने की हसू लपवायला, मला कळेना.

ताई बॅग ठेवायला आत गेली ती बाहेर येईना. मी बघायला गेले तर कॉटवर बसून ती माशांकडे बघत होती. शेपट्या पुन्हा वाढायला लागलेल्या.

"कधीपासून इथे आहेत?"

"गणपतीच्या आधीपासून," मी म्हटलं.

ती हसली. मग मागून आलेली आई तिला दिसली. "आई, मासे मेले असं तोंडावर सांगायला जमलं तुला. हे नकोत, एवढं म्हणायला नाही जमलं?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी कशाला? मी त्यांना रोज नाही म्हणते."

आईला ह्याचा जेवढा धक्का बसला तेवढा थाप पकडली गेल्याचाही बसला नव्हता. ताईने तिथूनच हाक मारली, "अहो, जरा आत या."

भावोजी आले. टाकीकडे बघत राहिले. बाबाही दारात येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "गोल्डफिशबरोबर गोल्डफिशच लागतो. तोही असाच गुबगुबीत. लांबट, चपळ आणला तर तो सगळं खातो आणि हे उपाशी राहतात."

भावोजी म्हणाले, "सेपरेट टँक. हेच मी सजेस्ट करणार होतो."

"बघा, जावईबापूंना आधीच कळलेलं," आई म्हणाली.

टायगर बार्ब ताईने त्याच दिवशी पिशवीत भरून भावोजींच्या हातात दिले. आता ते डोंबिवलीला आहेत आणि आल्यागेल्याला त्यांच्यावर लेक्चर ऐकावं लागतं. सकर आमच्या हॉलमध्ये एकटाच राहतो. तो हातभर वाढलाय आणि त्याला कोणी विचारत नाही. बाबांनी बेडरूममध्ये तिसरा गोल्डफिश आणला, तितकाच सुस्त. तिघांचं बरं चाललंय.

दिवाळीत भावोजी पुन्हा पिशवी घेऊन आले. आत लांबट लाल मासे. "बाबा, आता हे गोल्डफिशच आहेत," ते म्हणाले.

बाबांनी पिशवी उजेडात धरून पाहिली. "छान आहेत. तुमच्याकडेच ठेवा."

आईच्या हातातलं फराळाचं ताट तसंच राहिलं. भावोजींनी पिशवी परत घेतली, मांडीवर ठेवली आणि दोन करंज्या खाल्ल्या. काही झालं नाही. आई मात्र भाऊबीजेपर्यंत बाबांशी बोलत नव्हती.